सकाळच्या बातम्यांतील जोडी का बिघडली? नाशिकमधील एका स्थानिक वाहिनीचे प्रकरण

नाशिकमधील एका स्थानिक केबल वाहिनीवर रोज सकाळी सात ते आठ या वेळेत एक निवेदक आणि एक निवेदिका मिळून बातम्यांचा कार्यक्रम सादर करतात. या जोडीतील ज्येष्ठ निवेदक गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस निवृत्त झाले, त्यांच्या जागी तिशीच्या आतबाहेरचा एक तरुण निवेदक आला आणि पंधरा दिवस उलटण्याआधीच वाहिनीच्या कार्यालयात प्रेक्षकांचे फोन येऊ लागले. प्रत्येकाचे शब्द निराळे होते, पण सांगणे एकच होते : या दोघांचे जमत नाही. मी वृत्तनिवेदनाचे वर्ग घेते. त्यामुळे वाहिनीच्या संपादकांनी त्या फोनच्या नोंदी, व्हॉट्सॲपवर आलेले संदेश आणि कार्यक्रमाच्या जुन्या-नव्या भागांची चित्रमुद्रणे माझ्याकडे दिली आणि नेमके काय बिघडले आहे ते पाहायला सांगितले. त्यांच्यापुढचा प्रश्न सरळ होता : नव्या निवेदकाला ठेवायचे की बदलायचे. संबंधितांच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडत आहे. वाहिनीचे आणि व्यक्तींचे नाव मात्र देत नाही.

सकाळच्या बातम्या कोणी मांडी घालून पाहत नाही. सातच्या सुमारास इंदिरानगरातल्या किंवा सिडकोतल्या घरात एकीकडे डबा भरला जात असतो, दुसरीकडे कोणी मुंबईला निघालेल्या माणसासाठी पंचवटी एक्सप्रेस वेळेवर आहे का याची वाट पाहत असतो, आणि अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून आलेला माणूस चहा पीत डोळे मिटायच्या तयारीत असतो. टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि ऐकणारे स्वयंपाकघरात, अशी ही मांडणी. या कार्यक्रमात गंगापूर धरणाचा साठा असतो, लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील कांद्याचे आदल्या दिवशीचे भाव असतात, कोणत्या प्रभागात पाणी येणार नाही आणि कोठे वीज बंद राहणार आहे याची माहिती असते, थंडीत निफाडचा पारा किती उतरला ते असते. यांतील बहुतेक माहिती आज मोबाइलवर आधीच पोहोचलेली असते. तरीही लोक ही वाहिनी लावतात, त्या अर्थी ते माहितीखेरीज आणखी काहीतरी घेण्यासाठी येतात, हे वाहिनीने केव्हाच ओळखायला हवे होते.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर मराठी घरांनी वर्षानुवर्षे एकट्या निवेदकाच्या तोंडून बातम्या ऐकल्या. प्रदीप भिडे यांचा आवाज आला की बातम्यांची वेळ झाली असे समजणारी पिढी आजही नाशिकमध्ये सकाळी टीव्ही लावते. एकटा निवेदक प्रेक्षकाशी बोलतो, तेव्हा नाते दोघांचेच असते. जोडी आली की तिसरे नाते तयार होते, निवेदकांचे आपापसातले, आणि प्रेक्षक त्याचा साक्षीदार होतो. अमेरिकेत एनबीसीचा ‘टुडे’ १४ जानेवारी १९५२ रोजी सुरू झाला, तर बीबीसीचा ‘ब्रेकफास्ट टाइम’ १७ जानेवारी १९८३ रोजी फ्रँक बॉफ आणि सेलिना स्कॉट यांनी सुरू केला, तो टेबल बाजूला सारून सोफ्यावर बसून. सकाळच्या कार्यक्रमात बसण्याची जागाच किती बोलते, हे तेव्हापासून ठाऊक आहे. आपल्याकडे २००७ पासून चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि निवेदकांनी एकमेकांशी बोलणे अंगवळणी पडले. छोट्या वाहिन्यांनी ती रीत उचलली, पण तिच्यामागचे कष्ट उचलले नाहीत.

आलेल्या तक्रारी मी आधी तीन गठ्ठ्यांत लावल्या. पहिल्यात नवा निवेदक फार हसतो, नको तेथे हसतो, अशा तक्रारी होत्या. दुसऱ्यात निवेदिकेबद्दल राग होता : सर असताना ती नीट बोलायची, आता फार बोलायला लागली आहे. तिसऱ्यात केवळ हळहळ होती. सर गेले, आता सकाळ पूर्वीसारखी वाटत नाही. जुन्या निवेदकांना सारे शहर ‘सर’ म्हणत असे, म्हणून मीही येथे तोच शब्द वापरते.

तिसऱ्या गठ्ठ्याचा निर्णय लवकर झाला. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या संशोधकांनी १९५६ साली दाखवून दिले होते की, पडद्यावरून रोज थेट आपल्याकडे पाहून बोलणाऱ्या माणसाशी प्रेक्षकाचे एकतर्फी, पण खरेखुरे वाटणारे नाते जडते. सर गेल्याने घरातले माणूस गावी गेल्यासारखे ज्यांना झाले, त्यांना त्या जागी बसलेला कोणीही काही महिने खटकलाच असता. अशी नाराजी काळाने ओसरते आणि तिच्यापायी कोणाची नोकरी घालवणे योग्य नाही, एवढे मी संपादकांना पहिल्याच भेटीत सांगितले. उरलेल्या दोन गठ्ठ्यांत मात्र काहीतरी नेमके दडलेले होते.

ते शोधण्यासाठी मी जुने आणि नवे भाग दोनदा घेतले, एकदा आवाज पूर्ण बंद करून आणि एकदा पडद्याकडे पाठ करून. विद्यार्थ्यांनाही मी हेच करायला सांगते.

आवाज बंद केल्यावर पहिली गोष्ट दिसली ती नजरेची. सर छापील कागदावरून वाचत असत, कारण टीपी, म्हणजे कॅमेऱ्यापाशी ओळी सरकवत दाखवणारा टेलिप्रॉम्प्टर, त्यांच्या डोळ्यांना झेपत नसे. निवेदिका बातमी सांगू लागली की ते चष्मा काढून कागदावर ठेवत आणि तिच्याकडे वळून बसत. तो चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला की आता ते बोलणार, हे घरातल्या लहान मुलालाही कळत असे. नव्या भागांत दोघांसमोर टीपी होता. ती बोलत असताना तो समोर कॅमेऱ्यात पाहत राही, कारण त्याची पुढची ओळ तेथेच वर सरकत येत होती आणि ती चुकू नये म्हणून त्याला डोळे हलवता येत नव्हते. दोघांना एकत्र दाखवणाऱ्या चौकटीत हे विचित्र दिसे. एक माणूस बोलतो आहे आणि शेजारचा चेहऱ्यावर ठरलेले स्मित ठेवून दुसरीकडे पाहतो आहे.

पंचवटीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मी सलग तीन सकाळी गेले. त्या मेथी निवडत बातम्या ऐकतात आणि मान क्वचितच वर करतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला तो हसतो कसा यावर बरेच ऐकवले. दुसऱ्या दिवशी मात्र हातातली जुडी खाली ठेवून त्या म्हणाल्या, “अगं, हसू दे की त्याला. पण ती एवढं सांगतेय आणि हा तिच्याकडे बघतसुद्धा नाही. शेजारी बसलेल्या माणसाकडे बघत नाही म्हणजे काय?” तक्रार नोंदवणाऱ्या मुलाने त्यांचा आधीचा फोन ‘निवेदक फार हसतात’ असा लिहून घेतला होता. प्रेक्षकाला जे खुपते आणि तो फोनवर जे बोलून दाखवतो, यांत किती अंतर असते ते मला त्या मेथीच्या जुडीपाशी कळले.

बसण्याची जागाही बदलली होती. पूर्वी दोघे अर्धगोल टेबलाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे किंचित तिरके बसत. सर निवृत्त झाले त्याच आठवड्यात वाहिनीने नवा सेट बसवला आणि लांब, सरळ टेबलामागे दोघांना बँकेच्या खिडकीत बसवल्यासारखे कॅमेऱ्याकडे तोंड करून बसवले. म्हणजे माणूस, टेबल आणि वाचण्याची पद्धत, तिन्ही एकाच सोमवारी बदलले. प्रेक्षकाच्या नजरेत त्यांपैकी माणूस तेवढा भरला, कारण चेहरा ओळखता येतो आणि टेबलाचा कोन ओळखता येत नाही.

पडद्याकडे पाठ करून ऐकल्यावर दुसरी गोष्ट हाती लागली, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तोच आहे. सर असताना दोघांच्या गप्पा कोणी लिहून देत नसे. नवा निवेदक आल्यावर ‘जोडी जमलेली दिसावी’ म्हणून आदल्या रात्री त्या लिहिल्या जाऊ लागल्या आणि टीपीवर चढू लागल्या. लिहिणाऱ्याने मैत्री दाखवण्याचा सोपा मार्ग म्हणून दोघांच्या तोंडी अरे-तुरे घातले. “काय गं, आज छत्री आणलीस का?” असे तो तिला विचारी. निवेदिका त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी आहे, त्या वाहिनीवर तिने उमेदीची वर्षे घातली आहेत आणि कॅमेरा बंद असताना तो तिला ‘ताई’ म्हणतो, ‘तुम्ही’ म्हणतो. सरही तिला ‘ताई’ आणि ‘तुम्ही’च म्हणत, तेही ती वयाने त्यांच्या मुलीएवढी असताना.

मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यामध्ये माणसामाणसांतला सारा इतिहास साठलेला असतो. कोण कोणाला केव्हापासून ओळखतो, कोणी कोणाला कामाला लावले, कोणाच्या घरी कोण जेवले आहे, हे त्या एका सर्वनामातून कळते, आणि ऐकणारा ते क्षणात ओळखतो. एकेरीची सलगी मिळवावी लागते. ती आदल्या रात्री टंकलेखन करून आणता येत नाही. तिच्या आवाजात ‘तू’ ऐकल्यावर येणारा अर्ध्या क्षणाचा अडखळा मुद्रणात स्पष्ट ऐकू येतो. स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाईने तो ऐकला आणि तिला वाटले, यांचे पटत नाही. तिचे कान खरे होते. दोघांचे पटत होते, पण त्यांच्या तोंडी घातलेले नाते त्यांचे नव्हते.

याच लिहिलेल्या गप्पांनी सर्वांत मोठा घात एका जुलैच्या सकाळी केला. निवेदिकेने लासलगावला उन्हाळ कांद्याचे भाव पडल्याची बातमी सांगितली. कांदाचाळीत साठवलेला कांदा सडायला लागलेला आणि वर भाव उतरलेला, अशी ती सकाळ होती. तिचे वाक्य संपते न संपते तोच तो प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, “चला, आता वळूया एका गोड बातमीकडे!” त्या दिवशी सर्वाधिक फोन आले आणि त्यांतले बरेचसे निफाड, चांदवडकडची नाती असलेल्या घरांतून होते. माझा मावसभाऊ त्या आठवड्यात निफाडहून आमच्याकडे आला होता आणि समोरच बसून पाहत होता. तो काही बोलला नाही; त्याने रिमोट घेऊन वाहिनी बदलली.

मी त्या दिवसाचा रनडाऊन, म्हणजे बातम्यांच्या क्रमाचा तक्ता, मागवला. ‘गोड बातमी’ची ओळ लिहिली गेली तेव्हा तिच्याआधी कांदा नव्हताच, एका शाळेच्या स्नेहमेळाव्याची बातमी होती. पहाटे कांद्याची बातमी महत्त्वाची ठरल्याने सहा चाळीसला क्रम बदलला गेला, बातम्या हलल्या आणि गप्पांची ओळ मात्र जागच्या जागी राहिली. टीपीवर ती समोर आली आणि त्याने वाचली. नंतर तो माझ्याशी बोलताना म्हणाला, की शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच आपले काय चुकते आहे ते कळले होते, पण कानात पीसीआरमधून, म्हणजे नियंत्रण कक्षातून, पुढच्या बातमीची सूचना चालू होती आणि थांबायला जागा नव्हती. त्याचे आजोबा शेतकरी. त्या एका वाक्याने तो किती दुखावला होता, हे वाहिनीत कोणीही त्याला विचारले नव्हते.

आता दुसरा गठ्ठा. निवेदिका फार बोलते ही तक्रार मला सुरुवातीपासून टोचत होती, कारण ती पुरुषांइतकीच बायकांनीही केली होती. मी घड्याळ लावून सर असतानाचे पाच आणि नंतरचे पाच भाग मोजले. तिच्या बोलण्याचा एकूण वेळ वाढलेला नव्हता. बदलले होते ते एवढेच की पूर्वी प्रत्येक विषयाचा शेवटचा शब्द सरांचा असे आणि आता अनेकदा तिचा असतो. स्त्री शेवटचा शब्द बोलू लागली की ती जास्त बोलते असे ऐकू येते, हे मला नवे नाही. माझ्या वर्गात बोलणाऱ्या मुलींबद्दल हेच ऐकत मी इतकी वर्षे काढली आहेत. वाहिनीने ही तक्रार खरी धरून तिच्या ओळी कमी करण्याचा विचार चालवला होता. प्रेक्षकांचे मत ऐकावे, पण प्रत्येक मतापुढे मान तुकवू नये, असे मी अहवालात स्पष्ट लिहिले आणि त्या परिच्छेदाला एक शब्दही बदलू दिला नाही.

अशा प्रसंगी घाईने माणूस बदलला तर काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतले आहे. ‘टुडे’ या कार्यक्रमात ॲन करी जून २०११ मध्ये मॅट लाउअर यांच्या सहनिवेदिका झाल्या. एप्रिल २०१२ मध्ये ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ने सोळा वर्षांहून अधिक काळ चाललेली ‘टुडे’ची प्रेक्षकसंख्येतील साप्ताहिक आघाडी मोडली. दोघांचे सूर जुळत नाहीत अशी चर्चा जोरात होती आणि २८ जून २०१२ रोजी करी यांनी डबडबल्या डोळ्यांनी प्रेक्षकांचा निरोप घेतला. त्यांच्या जाण्याने घसरण थांबली नाही. प्रतिस्पर्धी कार्यक्रम पुढेच राहिला आणि रोष लाउअर यांच्याकडे वळला. ते प्रचंड पैशांचे आणि मोठ्या शहरांचे जग आहे, नाशिकच्या केबल वाहिनीशी त्याची बरोबरी नाही. तरी ‘जमत नाही’ हा शब्द कानी पडताच जोडीतल्या एकाकडे, विशेषतः नव्याने आलेल्या माणसाकडे बोट जाते, एवढे साम्य मला पुरेसे वाटले.

वाहिनीकडे आकड्यांचा आधार नव्हता. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेची साप्ताहिक मोजणी अशा छोट्या केबल वाहिनीच्या उपयोगाची नाही, आणि मोठ्या वृत्तवाहिन्यांचीही ही आकडेवारी ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ या काळात बंदच होती. तेव्हा ऐकायचे ते माणसांचेच.

सरांना मी त्यांच्या गंगापूर रोडवरील घरी जाऊन भेटले. जोडी कशी जमवली, असे विचारल्यावर त्यांनी पुराच्या एका सकाळची आठवण सांगितली. धरणातून पाणी सोडलेले, गोदाकाठच्या दुकानदारांची धावपळ, आणि निवेदिका विसर्गाचे क्युसेकमधले आकडे वाचत होती. ती थांबताच सरांनी विचारले, “ताई, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय पाणी?” हा प्रश्न कागदावर नव्हता. रामकुंडाजवळची ही मूर्ती किती बुडाली यावरून नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पुराचा अंदाज घेतात. पाणी कमरेला लागले की काठावरचा माल हलवायचा, गळ्याशी आले की घरेही सोडायची. निवेदिकेने त्याच वेळी फोनवर असलेल्या बातमीदाराला तोच प्रश्न केला आणि तिघांच्या बोलण्यातून गावाला हवे ते उत्तर मिळाले. सर म्हणाले, की ते तिचे बोलणे ऐकत होते म्हणून प्रश्न सुचला, एवढेच. मी नंतर ते मुद्रण काढून पाहिले. प्रश्न विचारताना त्यांचा चष्मा कागदावर पडलेला होता.

अहवालात मी नवा निवेदक बदलू नये असे सुचवले. गप्पा लिहून देणे पूर्ण थांबवावे; दोन बातम्यांमधला दुवा ज्याचा त्याने तेथेच जुळवावा आणि जुळत नसेल तर काहीही न बोलता पुढे जावे; टेबलाची मांडणी पुन्हा तिरकी करावी; ज्याची बातमी चालू नाही त्याचा टीपी कोरा ठेवावा, म्हणजे त्याची नजर आपोआप शेजाऱ्याकडे जाईल; आणि दोघांनी हवेवर एकमेकांना तसेच हाक मारावी जशी ते बाहेर मारतात. याशिवाय साडेसहाला दोघांनी एकत्र बसून सगळ्या बातम्या एकदा मोठ्याने वाचाव्यात, असा आग्रह मी धरला. आजवर ते मेकअपच्या खोलीतून थेट खुर्चीत येत असत आणि शेजाऱ्याची बातमी हवेवर गेल्यावरच ऐकत असत.

यांपैकी टेबल सोडून बाकी सारे पुढच्याच आठवड्यात झाले. टेबलाला सुतार मिळायला महिना लागला. पहिले काही दिवस कार्यक्रमात न शोभणाऱ्या शांत जागा राहिल्या आणि संपादक धास्तावले; मग तो हळूहळू प्रश्न विचारू लागला. “ताई, हे पाणी सिडकोला दोन दिवस नाही की एकच दिवस?” असला साधा प्रश्न, पण तो ऐकून विचारलेला असे. फोन कमी झाले. पंचवटीच्या शिक्षिकाबाईंनी अजून फोन करणे सोडलेले नाही; हल्ली त्या त्याचे ‘च’चे उच्चार सुधारण्यासाठी फोन करतात आणि तो ते वहीत लिहून ठेवतो. निफाडच्या मावसभावाला मी पुन्हा कधी विचारले नाही.

अहवालातील एक शिफारस मात्र बाजूला पडली आहे. सर गेल्यावर या जोडीत ज्येष्ठ ती आहे, अनुभव तिचा आहे, शहर तिला ओळखते. म्हणून कार्यक्रमाची सुरुवात आणि पहिली मोठी बातमी तिच्याकडे असावी, असे मी लिहिले होते. सरांची खुर्ची त्याला मिळाली तेव्हा त्या खुर्चीबरोबर येणारा मानही विचार न करता त्यालाच देण्यात आला. त्याबद्दल एकाही प्रेक्षकाने फोन केला नाही, म्हणून वाहिनीला तो प्रश्न वाटत नाही. खुद्द त्याने संपादकांना सांगून पाहिले आहे. मी हे लिहीत असताना सातच्या ठोक्याला पहिला नमस्कार अजून तोच करतो.